परसबागेचा मराठी ब्लॉग: महिन्याला २५ हजार वाचनं, कमाई जेमतेम ९ डॉलर. आधी काय बदलावं?

गच्चीवरची_माती

नमस्कार मंडळी. कुंड्या, ग्रो बॅग आणि गच्चीवरचा भाजीपाला या विषयावर मराठीत ब्लॉग चालवते. वर्डप्रेस, शेअर्ड होस्टिंग, स्वतःचं डॉट इन डोमेन. लेख नव्वदच्या आसपास आहेत, सगळे स्वतः लिहिलेले, फोटोही स्वतःचेच. महिन्याला साधारण २५ हजार पानं वाचली जातात, त्यातले बहुतेक वाचक मोबाइलवरचे. गुगलच्या ॲडसेन्स या जाहिरात सेवेच्या ऑटो जाहिराती चालू आहेत आणि महिन्याला ८ ते ९ डॉलर जमतात.

माझे प्रश्न असे:

पान उघडायला वेळ लागतो आणि वाचता वाचता मजकूर खाली सरकतो. हे होस्टिंगमुळे की जाहिरातींमुळे?

याच वाचकसंख्येवर कमाई वाढवायची तर ॲडसेन्समध्येच काही बदलावं की दुसरा मार्ग धरावा?

ओळखीचे काही जण सांगतात, सरकारी योजनांवर लेख टाका, वाचक दहापट होतील. टाकावेत का?

बियाणं, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि ग्रो बॅग एकत्र करून किट विकायचा विचार आहे. त्याला परवाने, जीएसटी वगैरे काय लागतं?

ढोबळ सल्ल्यापेक्षा नेमके आकडे आणि सेटिंग मिळाली तर फार मदत होईल.

---

खिळे_आणि_अक्षरं

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण ते निस्तरल्याशिवाय पुढचं काही मोजता येणार नाही.

पेजस्पीड इनसाइट्समध्ये (पानाचा वेग तपासायचं गुगलचं साधन) मुख्य पान टाकू नका, सर्वांत जास्त वाचला जाणारा लेख टाका. निकालाचा वरचा भाग खऱ्या वाचकांच्या गेल्या २८ दिवसांच्या भेटींवरून आलेला असतो, खालचा भाग प्रयोगशाळेतला. वरचा भाग दिसत असेल तर तोच खरा माना. तीन आकडे बघायचे: पानावरचा सर्वांत मोठा घटक दिसायला लागणारा वेळ २.५ सेकंदांच्या आत, बोट लावल्यापासून प्रतिसाद मिळेपर्यंत २०० मिलिसेकंदांच्या आत, आणि मजकूर सरकण्याचा गुणांक ०.१ च्या आत. शंभरपैकी पंच्याहत्तर भेटींमध्ये हे साधलं पाहिजे. यातला दुसरा निकष, आयएनपी, मार्च २०२४ पासून आला. त्याआधीचे लेख वाचून काम करत असाल तर तिथे एफआयडी नावाचा जुना निकष सापडेल, तो सोडून द्या.

मजकूर सरकतो तो बहुतेक वेळा ऑटो जाहिरातींमुळे. गुगल पान उघडल्यावर जागा शोधतं, दोन परिच्छेदांच्या मध्ये चौकट घुसवतं आणि खालचं सगळं ढकललं जातं. पानाच्या आत येणाऱ्या ऑटो जाहिराती बंद करा. तळाशी चिकटणारी अँकर जाहिरात ठेवली तरी चालेल, कारण ती मजकुराला धक्का लावत नाही. दोन पानांच्या मध्ये पूर्ण पडदा व्यापणारी व्हिनेट जाहिरात एकतर बंद करा किंवा तिची वारंवारता कमीत कमी ठेवा. खताचं प्रमाण बघायला आलेल्या माणसाच्या तोंडावर पडदा आला की तो मागे फिरतो, आणि पुढचा लेख उघडतच नाही.

मग हाताने जागा ठरवा. हजार शब्दांच्या लेखात तीन चौकटी पुरतात: पहिली दुसऱ्या परिच्छेदानंतर, दुसरी साधारण मध्यावर, तिसरी लेख संपल्यावर, संबंधित लेखांच्या आधी. मोबाइलवर ३०० बाय २५० हा आकार पक्का करा आणि प्रत्येक चौकटीभोवतीच्या डब्याला किमान २८० पिक्सेल उंची आधीच देऊन ठेवा. जाहिरात उशिरा आली तरी जागा राखलेली असल्याने काही हलणार नाही. जाहिरात आलीच नाही तर थोडी पांढरी जागा दिसेल, तेवढं सोसावं. या चौकटी लेखांमध्ये एकेक करून चिकटवू नका. ॲड इन्सर्टरसारखं प्लगइन किंवा वर्डप्रेसचा सिंक्ड पॅटर्न वापरा, म्हणजे एका ठिकाणी बदललं की नव्वदच्या नव्वद लेखांत बदलेल.

आता वेग. वर्डप्रेस ५.५ पासून फोटो आळशी पद्धतीने, म्हणजे वाचक तिथवर पोचल्यावर उतरवतं. हे लेखातल्या खालच्या फोटोंना ठीक आहे, पण सर्वांत वरच्या मोठ्या फोटोला लागू झालं तर तोच उशिरा येतो आणि २.५ सेकंदांची मर्यादा मोडते. वर्डप्रेस स्वतः वरचा फोटो यातून वगळायचा प्रयत्न करतं, पण वेग वाढवणारी प्लगइनं अनेकदा सरसकट सगळ्यांवर हे लादतात. तुमच्या प्लगइनमध्ये पहिला फोटो वगळण्याची सोय शोधा. फोनमधला चार-पाच एमबीचा फोटो थेट चढवू नका. १२०० पिक्सेल रुंद, वेबपी स्वरूपात, १५० केबीच्या आत. १२०० पेक्षा लहानही करू नका, कारण गुगल डिस्कव्हरमध्ये (फोनवर गुगल स्वतः लेख सुचवतं ती यादी) मोठं चित्र दिसायला किमान १२०० पिक्सेल रुंदी लागते.

सर्व्हरकडून पहिला बाइट यायला ०.८ सेकंदापेक्षा जास्त वेळ लागत असेल तर कॅश, म्हणजे तयार पान साठवून ठेवायची सोय, बसलेली नाही. होस्टिंग लाइटस्पीड सर्व्हरवर असेल तर लाइटस्पीड कॅश, नसेल तर दुसरं कुठलंही एक चांगलं कॅश प्लगइन. दोन कॅश प्लगइनं एकदम कधीही नाहीत. जुनं पान दिसत राहणं, मोबाइलवर डेस्कटॉपचा आराखडा येणं या तक्रारींचं मूळ बहुधा तिथेच असतं.

मराठी ब्लॉगचं म्हणून एक वेगळं दुखणं असतं: फॉन्ट. देवनागरीत जोडाक्षरांमुळे एका फॉन्टच्या एका जाडीत रोमनपेक्षा कितीतरी जास्त आकार असतात, त्यामुळे फाइल जड. थीमने मुक्ता या फॉन्टच्या सातही जाड्या ओढल्या असतील तर मजकूर दिसायलाच वेळ जातो. ४०० आणि ७०० या दोनच ठेवा, वूफ२ स्वरूपात, स्वतःच्या सर्व्हरवरून, आणि फॉन्ट येईपर्यंत फोनचाच फॉन्ट दिसेल अशी ‘स्वॅप’ सेटिंग द्या. किंवा वेबफॉन्ट काढूनच टाका: अँड्रॉइडवर नोटो, विंडोजवर निर्मला, मॅकवर कोहिनूर देवनागरी आधीपासून असतात आणि वाचायला चांगले आहेत.

थीम बहुतेक इंग्रजीसाठी बनलेल्या असतात. शीर्षकांना अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असेल तर शिरोरेषा तुटते, ते शून्य करा. ओळींची उंची शीर्षकात १.२ असेल तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार, मात्रा एकमेकांत अडकतात. शीर्षकाला १.४, मजकुराला १.७, अक्षर १८ पिक्सेल. सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी निवडा. एचटीएमएलमध्ये भाषेचा संकेत बरोबर गेला तर नोटोसारखे फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दाखवतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात.

लेखांचे पत्ते, म्हणजे स्लग, देवनागरीत आहेत का? असतील तर त्यावर वेगळं लिहितो.

---

दर_हजारी

दुसऱ्या प्रश्नावर.

आधी तुमचाच हिशेब मांडू. ९ डॉलर भागिले २५ हजार, गुणिले हजार: दर हजार वाचनांमागे ३६ सेंट. ॲडसेन्सची पैसे सोडण्याची किमान मर्यादा १०० डॉलर आहे, म्हणजे या गतीने अकरा-बारा महिन्यांनी एकदा पैसे येणार. तुमच्या लेखनात खोट आहे असं यावरून समजू नका. ॲडसेन्सने मराठी २०१८ मध्ये स्वीकारली, पण मराठी पानांसाठी बोली लावणारे जाहिरातदार अजून थोडे आहेत, आणि लिलावात बोली लावणारे कमी असले की दर पडतो. २०२४ च्या सुरुवातीपासून ॲडसेन्स क्लिकऐवजी दाखवलेल्या जाहिरातींच्या संख्येवर पैसे देतं, त्यामुळे जाहिरात खरोखर पडद्यावर दिसणं जास्त महत्त्वाचं झालं. निम्मं क्षेत्रफळ किमान एक सेकंद दिसलं तर ती ‘दिसली’ असं धरतात. वर सांगितलेल्या तीन जागा नीट बसवून ॲडसेन्सच्या अहवालात हे दिसण्याचं प्रमाण बघा. पन्नास टक्क्यांच्या खाली असलेली चौकट हलवा किंवा काढा.

जाहिरातींचे वर्ग अडवणं हा दुधारी उपाय आहे. झटपट श्रीमंतीच्या आणि डेटिंगच्या जाहिराती जरूर अडवा, वाचकांचा विश्वास त्याहून मोलाचा आहे. पण पंधरा-वीस वर्ग अडवलेत तर बोली लावणारे आणखी घटतील.

आता मुख्य गोष्ट. हे सगळं अचूक केलं तरी याच वाचकांवर ९ चे १३-१४ डॉलर होतील, ९० होणार नाहीत. तुमच्या विषयाला थेट जाहिरातदार आहेत, तिकडे वळा. रोपवाटिका, ठिबकचे छोटे संच विकणारे, गांडूळखत बनवणारे, गच्चीला वॉटरप्रूफिंग करणारे. शेवटच्यांकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, पण गच्चीवर माती चढवणाऱ्या प्रत्येकाला गळतीची भीती असते आणि त्या कामाचं एक बिल हजारोंचं असतं.

महिन्याला दीड हजार रुपयांना एक जागा एकाच जाहिरातदाराला दिली तरी ती तुमच्या आजच्या पूर्ण ॲडसेन्स कमाईच्या जवळजवळ दुप्पट होते. दर ठरवताना ‘२५ हजार वाचनं’ असं मोघम सांगू नका. गटानुसार सांगा: कुंडीची माती आणि खत या गटातल्या लेखांची महिन्याची वाचनं इतकी, त्यातले वाचक या शहरांतले. एक सावधगिरी: अ‍ॅनालिटिक्समधली शहरं मोबाइल नेटवर्कच्या पत्त्यावरून काढलेली असतात, त्यामुळे अमरावतीचा वाचक अनेकदा मुंबई किंवा पुण्यात दिसतो. ‘पुण्याचे इतके वाचक’ अशी हमी लिहून देऊ नका.

करार तीन महिन्यांचा, पैसे आगाऊ. जाहिरातीवर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहा आणि दुव्याला ‘स्पॉन्सर्ड’ हा गुणधर्म द्या. गुगलने हा गुणधर्म सप्टेंबर २०१९ मध्ये आणला. पैसे घेऊन दिलेला दुवा तसा न सांगता ठेवला तर शोधातलं स्थान धोक्यात येतं. परिणाम मोजण्यासाठी जाहिरातदाराच्या व्हॉट्सॲप नंबरचा थेट चॅट उघडणारा दुवा वापरा आणि त्यात आधीच लिहिलेलं वाक्य ठेवा, ‘ब्लॉगवर जाहिरात पाहिली, ग्रो बॅगबद्दल विचारायचं होतं’ असं. महिन्याच्या शेवटी जाहिरातदाराला चौकशा मोजता येतात. तीन महिन्यांत पाचसुद्धा आल्या नाहीत तर त्याला तो लेखगट बदलून द्या. नूतनीकरण त्यावरच ठरतं.

ॲमेझॉनचा संलग्न कार्यक्रम चालेल, पण अपेक्षा मर्यादित ठेवा. दुवा दाबल्यापासून २४ तासांत खरेदी झाली तर कमिशन, आणि खातं उघडल्यावर १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद. कात्र्या, फवारणी पंप, मातीचा सामू मोजायचं यंत्र अशा साधनांच्या लेखात दुवे टाका. प्रत्येक लेखात पेरू नका.

---

शेतकी_पदवीधर

तिसऱ्याचं उत्तर: योजनांचे लेख टाकू नका.

योजनेची मुदत, पात्रता, अर्जाचं संकेतस्थळ सतत बदलतं. जुना लेख वाचून एखादा शेतकरी मुदत संपल्यावर तालुक्याला खेटे घालतो, किंवा सारख्या नावाच्या बनावट संकेतस्थळावर आधार क्रमांक देऊन बसतो. माणसाचं नुकसान होतं, खरं आणि पैशांचं. ज्याला रोज ते अद्ययावत ठेवता येत नाही त्याने त्यात हात घालू नये, हे माझं ठाम मत आहे.

शिवाय तुमच्या ब्लॉगचा त्यात तोटाच आहे. त्या शोधांवर वृत्तपत्रांची संकेतस्थळं आणि शेकडो नकलाकार आधीच आहेत. मार्च २०२४ मध्ये गुगलने स्पॅमची धोरणं कडक केली, त्यात घाऊक प्रमाणात लेख पाडण्यावर स्पष्ट बडगा आहे, मग ते यंत्राने लिहिलेले असोत की माणसाने. परसबागेवरच्या नव्वद चांगल्या लेखांशेजारी योजनांचे दोनशे उतारे आले तर कुंडीतल्या मातीवर जाहिरात देणारा तुमच्याकडे कशाला येईल?

वाचक वाढवायचे तर हंगाम धरा. शोध पेरणीच्या आधी वाढतो आणि नव्या लेखाला शोधात जागा मिळायला आठवडे लागतात. म्हणून पावसाळी दोडका, कारली, भेंडी, गवार यांचे लेख अक्षय्य तृतीयेच्या सुमारास तयार हवेत, मृगाच्या पावसाची वाट बघत बसू नये. मेथी, पालक, कोथिंबीर, टोमॅटो यांचे ऑगस्टअखेर. दर वर्षी नवा लेख लिहू नका. त्याच पत्त्यावरचा लेख सुधारा: नवे फोटो, त्या वर्षी दिसलेली कीड, वाचकांनी विचारलेल्या शंका.

---

गच्चीवरची_माती

सगळ्यांचे मनापासून आभार. योजनांचा विचार सोडला.

@खिळे_आणि_अक्षरं, हो, सगळे पत्ते देवनागरीत आहेत. वर्डप्रेसने शीर्षकावरून आपोआप बनवलेले. लांब शीर्षकांचे मध्येच तुटलेले दिसतात. बदलू का?

आणि सर्च कन्सोलमध्ये (लोक काय शोधून ब्लॉगवर येतात ते दाखवणारं गुगलचं साधन) बरेच शोध रोमन लिपीत दिसतात, मराठीच शब्द, पण इंग्रजी अक्षरांत. त्यासाठी लेखात रोमन शब्द घालावे लागतात का?

---

खिळे_आणि_अक्षरं

तुटण्याचं कारण असं. वर्डप्रेस स्लगसाठी २०० अक्षरांची जागा ठेवतं. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत, तीन बाइटचं, आणि पत्त्यात लिहिताना प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह तीन अक्षरं खातो, म्हणजे एका चिन्हाला नऊ. काना, मात्रा, अनुस्वार हीसुद्धा वेगळी चिन्हं. ‘कुंडीत टोमॅटो कसे लावावे’ यात २१ चिन्हं आहेत: १८९ अधिक शब्दांमधल्या तीन आडव्या रेघा, एकूण १९२. यापुढे एक अक्षरही मावत नाही.

गुगलला देवनागरी पत्ता नीट कळतो, शोधातल्या स्थानासाठी बदलायची गरज नाही. अडचण व्हॉट्सॲपवर येते: टक्केचिन्हांची लांबलचक माळ दिसते, लोकांना ती संशयास्पद वाटते आणि काही ॲपमध्ये दुवा अर्ध्यावर तुटतो. म्हणून नव्या लेखांना तीन-चार शब्दांचा रोमन स्लग स्वतः लिहा. जुन्यांपैकी ज्यांना शोधातून वाचक येतात त्यांना हात लावू नका. ज्यांना कुणीच येत नाही तेवढे बदला. वर्डप्रेस जुना स्लग लक्षात ठेवतं आणि नव्याकडे वळवतं, तरी बदलल्यावर जुना दुवा उघडून खात्री करा आणि आपल्याच लेखांमधले अंतर्गत दुवे नव्या पत्त्यावर आणा.

रोमन शोधांबद्दल: गुगल ‘कढीपत्ता’ रोमनमध्ये टाइप केलेला असला तरी बऱ्याचदा देवनागरी पान दाखवतं. मजकुरात रोमन शब्द कोंबू नका, वाचायला त्रास होतो. सर्च कन्सोलमध्ये शोधशब्दांना नियमित अभिव्यक्तीची (रेजेक्स) चाळणी लावून रोमन अक्षरांचे शोध वेगळे काढा आणि प्रत्येक लेखासाठी बघा: दिसण्याचा आकडा मोठा आणि सरासरी स्थान दहाच्या पुढे असेल, तर त्या शोधातला नेमका प्रश्न लेखात उपशीर्षक म्हणून देवनागरीत आहे का ते तपासा. बहुधा नसतो. लोक ‘कढीपत्त्याची पानं पिवळी का पडतात’ असं विचारत असतात आणि लेखात ते एका परिच्छेदात दडलेलं असतं.

प्रश्नोत्तरांचा स्कीमा, म्हणजे लेखात प्रश्नोत्तरं आहेत हे गुगलला सांगणारा कोड, लावायची मात्र तसदी घेऊ नका. ऑगस्ट २०२३ मध्येच गुगलने तो ठळक निकाल फक्त नामांकित सरकारी आणि आरोग्यविषयक संकेतस्थळांपुरता मर्यादित केला.

---

दर_हजारी

कढीपत्त्यावरून एक पुस्ती. ॲडसेन्सच्या अहवालात देशानुसार दर बघा. अमेरिका, ब्रिटन, कॅनडातून आलेल्या वाचनाचा दर भारतातल्यापेक्षा बराच जास्त असतो. तिथली मराठी घरं कढीपत्ता, मेथी, तोंडली कुंडीत वाढवतात आणि त्यांचे प्रश्न वेगळे असतात: रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली जायला लागलं की झाड घरात घ्यायचं, हिवाळ्यात पाणी किती तोडायचं, घरात दिवा कुठला लावायचा. कॅलिफोर्नियात तर लिंबूवर्गीय झाडांच्या रोगामुळे आणि तो पसरवणाऱ्या सिलिड किडीमुळे बाधित भागातून कढीपत्त्याची रोपं बाहेर नेण्यावर निर्बंध आहेत. अशा बारकाव्यांसह सात-आठ लेख केलेत तर हा एक मोलाचा गट होईल. फक्त तिथल्या वाचकांशी बोलून, फोटो मागवून मगच लिहा.

व्हॉट्सॲपसाठी ग्रुपपेक्षा चॅनल बरं. ग्रुपला १०२४ जणांची मर्यादा, सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. चॅनल एकतर्फी असतं आणि नंबर लपलेले राहतात. आठवड्याला दोन संदेश, त्यातला एक दुव्याशिवाय, निव्वळ उपयोगी. दुव्यासोबत चित्र दिसायला १२०० बाय ६३० पिक्सेलचं, ३०० केबीच्या आतलं चित्र ठेवा, जड असेल तर अनेकदा चित्र येतच नाही.

आणि हे लक्षात ठेवा: चॅनलवर किंवा नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘जाहिरातीवर क्लिक करा’ असं कधीही लिहू नका. प्रेमापोटी घरच्यांनी केलेल्या क्लिकसुद्धा अवैध धरल्या जातात. आधी कमाईतून कपात होते, मग जाहिराती मर्यादित होतात, आणि खातं बंद झालं तर त्याच व्यक्तीला नवं मिळणं जवळजवळ अशक्य.

---

जमाखर्च

पैसे हातात येणं आणि किट, या दोन गोष्टींवर लिहितो.

ॲडसेन्समध्ये १० डॉलर जमले की पत्त्याच्या पडताळणीसाठी टपालाने पिन येतो. साध्या टपालाने येतो, माग काढता येत नाही. पत्ता इंग्रजीत, पिनकोडसह, पोस्टमनला ओळखता येईल अशा खुणेसह लिहा. पहिला पिन निघाल्यापासून चार महिन्यांत तो भरला नाही तर जाहिराती दिसणं थांबतं. मध्ये नवा मागवता येतो. खात्यावरचं नाव बँकेतल्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव यात घोळ झाला की पैसे परत जातात.

१०० डॉलर पार झालेल्या महिन्याच्या पुढच्या महिन्यात, २१ ते २६ तारखेदरम्यान पैसे निघतात. भारतात ते वायर ट्रान्सफरने, डॉलरमध्ये येतात. परदेशातून पैसे यायला लागणारा स्विफ्ट कोड तुमच्या शाखेला नसेल तर बँकेच्या परकीय चलन शाखेचा घ्या. बँक उद्देश कोड विचारते, जाहिरात सेवेसाठी पी१००७. प्रत्येक वेळी बँकेचं शुल्क कापलं जातं, म्हणून ॲडसेन्समध्ये किमान मर्यादा स्वतः वाढवून ३०० डॉलर करणं परवडतं. आवक झाल्याचं बँकेचं परकीय प्रेषण पत्र दर वेळी मागून जपून ठेवा.

प्राप्तिकरात हे व्यवसायाचं उत्पन्न. होस्टिंग, डोमेन, फॉन्टचा परवाना, कॅमेऱ्याचा घसारा हे खर्च वजा होतात, पावत्या ठेवा. संलग्न कार्यक्रमाचं कमिशन वेगळं लिहा, छोट्या व्यावसायिकांची अनुमानित उत्पन्नाची योजना कमिशनला लागू होत नाही. थेट जाहिरातदाराने टीडीएस कापला तर तो तुमच्या कर विवरणात दिसतो, तिथे जुळवून घ्या.

जीएसटी: महाराष्ट्रात किंवा गोव्यात निव्वळ सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, परदेशातून आलेलं जाहिरात उत्पन्न धरूनही. पण वस्तू विकायला लागलात की चित्र बदलतं. महाराष्ट्रात बसून स्वतःच्या संकेतस्थळावरून ग्रो बॅग बेळगावला किंवा पणजीला पाठवली, तर राज्याबाहेर वस्तू गेली, आणि तिथे उलाढाल कितीही छोटी असो, नोंदणी घ्यावी लागते. त्यामुळे सुरुवातीला विक्री राज्यापुरतीच ठेवा आणि ऑर्डरच्या फॉर्ममध्ये बाहेरचे पिनकोड स्वीकारू नका.

किटमधलं बियाणं काढा. बियाणं विकायला १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाखाली परवाना लागतो. सेंद्रिय खत १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात येतं. कडुनिंबावर आधारित कीटकनाशकालाही कीटकनाशक कायद्याखाली परवाना हवा. पाकिटं फोडून छोट्या पुड्या करून विकणं तर आणखी जोखमीचं. उगवण झाली नाही तर ग्राहक तुमच्याकडेच येणार आणि पुडीवर लॉट क्रमांक नसेल तर तुमच्याकडे उत्तर नसेल. परवानाधारक विक्रेत्याची थेट जाहिरात घ्या, बियाणं त्याने विकावं.

कोकोपीटचं गणितही आधी करा. पाच किलोची वीट ३० बाय ३० बाय १२ सेंटिमीटर धरली तर आकारमानाने वजन १०,८०० घन सेंटिमीटर भागिले कुरिअरवाल्यांचा ५,००० हा भाजक, म्हणजे २.१६ किलो. कुरिअरवाला दोन्हींपैकी जास्त असेल ते धरतो, म्हणजे पूर्ण पाच किलोचे पैसे. विटेच्या किमतीइतकंच कुरिअर होऊ शकतं. रिकाम्या ग्रो बॅगा घडी घालून पाठवणं त्या मानाने सोपं.

माझ्या मते तुमच्यासाठी सर्वांत सरळ माल म्हणजे पीडीएफ: बारा महिन्यांचं गच्ची-लागवडीचं वेळापत्रक, कोकणासाठी वेगळं, देशासाठी वेगळं, विदर्भासाठी वेगळं. पेमेंट गेटवे साधारण २ टक्के आणि त्या शुल्कावर जीएसटी घेतं. गेटवेचं खातं मंजूर व्हायला संकेतस्थळावर संपर्क, अटी, गोपनीयता आणि परताव्याचं धोरण अशी चार पानं आधी असावी लागतात, नाहीतर अर्ज परत येतो. पीडीएफमध्ये युनिकोड फॉन्ट एम्बेड करा आणि स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर उघडून जोडाक्षरं तपासा.

---

गच्चीवरची_माती

विभागवार वेळापत्रकाची कल्पना फार आवडली, ते साहित्य लेखांमध्ये विखुरलेलं आहेच. एक शंका: पीडीएफ विकायला लागल्यावर तेच विभागवार लेख ब्लॉगवर फुकट ठेवायचे की काढायचे?

---

दर_हजारी

ठेवायचे. शोधातून माणूस येतो तो त्या लेखांमुळेच. लेखात एका पिकाची पूर्ण माहिती असू द्या, पीडीएफमध्ये सगळी पिकं महिन्यानुसार एका नजरेत, छापून भिंतीवर लावता येईल अशा ए४ पानांवर. दोन्हींचा उपयोग वेगळा आहे. विक्रीचा दुवा प्रत्येक लेखात त्याच पिकाच्या ओळीचा तुकडा दाखवून द्या, म्हणजे भेंडीच्या लेखात जून ते ऑगस्टची भेंडीची पट्टी. आणि त्या जागी असलेली लेखाच्या शेवटची ॲडसेन्स चौकट काढून टाका. स्वतःच्या मालाशेजारी दुसऱ्याची जाहिरात नको.